नव्वद दिवस, तीन लँडिंग

प्रवासी विमान चालवणाऱ्या प्रत्येक पायलटच्या डोक्यात एक मोजणी कायम चालू असते. मागच्या नव्वद दिवसांत आपली तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली का? नियम एवढाच आहे आणि थोड्याफार फरकाने जगभर सारखाच आहे. दहा हजार तास उडालेला कॅप्टन असो की गेल्या वर्षी रुजू झालेला को-पायलट, मोजणी अपुरी राहिली की एक्याण्णवाव्या दिवशी दोघांची पायरी एकच. प्रवासी घेऊन उडायचं नाही.

एरवी हा नियम कुणाला आठवतही नाही. मुंबई–नागपूर, मुंबई–दिल्ली अशा फेऱ्या करणाऱ्याची तीन लँडिंग दोन-तीन दिवसांत होऊन जातात. पण कोविडच्या साथीत २५ मार्च २०२० ला भारतातली देशांतर्गत प्रवासी उड्डाणं थांबली. आंतरराष्ट्रीय उड्डाणं त्याआधी दोन-तीन दिवस बंद झाली होती. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला इथल्या लोकांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज इतका सवयीचा, की तो थांबला तेव्हाच त्यांच्या लक्षात आला. आणि हजारो घरांत, कपाटात टांगलेल्या पांढऱ्या शर्टांच्या शेजारी, ती मोजणी उलटी सुरू झाली.

साथीच्या रोगात अनेकांच्या नोकऱ्या जातात. हॉटेलवाल्यांच्या गेल्या, टॅक्सीवाल्यांच्या गेल्या, नाटकाच्या पडद्यामागे काम करणाऱ्यांच्या गेल्या, आणि त्यांचे हाल पायलटांपेक्षा जास्त झाले. तरीही पायलटची काळजी नीट उलगडून पाहावी अशी आहे, कारण ती एका विलक्षण यंत्रणेतून जन्माला येते. विषाणू केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान. त्याचा धक्का विमानाच्या मॉडेलमधून, यादीतल्या एका आकड्यातून आणि कॅलेंडरमधून प्रवास करत एका माणसाच्या घरापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहताना मी थक्क होतो.

आधी धक्क्याचा आकार पाहू. २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४५० कोटी विमानप्रवास झाले. २०२० मध्ये ते १८० कोटींवर आले. एप्रिल २०२० मध्ये तर जागतिक प्रवासी वाहतूक आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा सुमारे ९४ टक्क्यांनी घसरली होती. शंभर प्रवाशांच्या जागी सहा. जगातली निम्म्याहून अधिक प्रवासी विमानं उभी होती; वाळवंटात, टॅक्सी-वेवर, बंद केलेल्या धावपट्ट्यांवर, पंखाला पंख लावून.

आता माणसांकडे येऊ. पायलट म्हणजे कुठलंही विमान चालवू शकणारा माणूस, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. त्याच्या परवान्यावर विशिष्ट विमानाची नोंद असते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबस ए३२० वर वीस वर्षं काढलेला कॅप्टन उद्या सकाळी बोइंग ७३७ घेऊन निघू शकत नाही, आकार जवळपास सारखा असला तरी. त्यासाठी वर्गातले धडे, सिम्युलेटरमधली सत्रं, परीक्षा आणि मग प्रशिक्षकाबरोबरची उड्डाणं, असे कित्येक आठवडे लागतात. म्हणजे पायलटचं पोट एका विशिष्ट यंत्राला बांधलेलं असतं. ही पहिली गाठ. जुलै २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपली सगळी, म्हणजे ३१, बोइंग ७४७ विमानं निवृत्त केल्याचं जाहीर केलं. वाचणाऱ्यांना एका देखण्या विमानाला निरोप दिल्यासारखं वाटलं. ते विमान चालवणाऱ्यांसाठी मात्र त्याच वाक्यात त्यांचं कौशल्यही निवृत्त होत होतं.

दुसरी गाठ ज्येष्ठता यादीची. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत ही यादी म्हणजे पायलटचं नशीबच. रुजू झाल्याच्या दिवशी मिळालेला क्रमांक ठरवतो की तुम्ही कोणतं विमान चालवणार, कॅप्टन कधी होणार, दिवाळीसारखा तिथला सण घरी साजरा करणार की हॉटेलात. तुम्ही किती चांगले उडता याचा त्या क्रमांकाशी संबंध नसतो. एकाच दिवशी रुजू झालेल्यांत काही कंपन्या वयाने क्रम लावतात. म्हणजे काही आठवडे आधी जन्मलेला माणूस आयुष्यभर एक पायरी वर राहतो. बाहेरून हे विचित्र वाटतं, पण त्यामागे शहाणपण आहे. बढती साहेबाच्या मर्जीवर असेल, तर खराब हवामानात “आज नको” म्हणताना पायलटची जीभ अडखळेल. क्रमांकाला मर्जी नसते, म्हणून पायलटला नाही म्हणता येतं.

पण हाच क्रमांक मंदीत उलटा फिरतो. कपात खालून सुरू होते. जो शेवटी आला तो आधी जातो.

तो खाली जाण्याचा मार्ग जवळून पाहा. समजा, कंपनीने लांब पल्ल्याचं एक मोठं विमान बंद केलं आणि त्याची एक कॅप्टन मोकळी झाली. ती ज्येष्ठ आहे, तिला घरी पाठवता येत नाही. ती तिच्या क्रमांकाच्या जोरावर लहान विमानाच्या कॅप्टनची जागा घेते. त्या जागेवरचा कॅप्टन खाली सरकतो आणि पुन्हा को-पायलट होतो. खांद्यावरच्या चार पट्ट्यांच्या तीन होतात. तो ज्याची खुर्ची घेतो तो को-पायलट आणखी लहान तळावर किंवा आणखी लहान विमानावर जातो. असं होत होत यादीच्या तळाशी असलेली, वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी बाहेर पडते. एक विमान थांबलं, बाहेर एक माणूस गेला, पण मधल्या चार-पाच जणांना नव्याने शिकवावं लागलं. प्रत्येकाला सिम्युलेटर हवा, आणि सिम्युलेटर मोजकेच. त्यामुळे कपातीचा खर्चसुद्धा प्रचंड असतो, आणि तो टाळण्यासाठी कंपन्या ज्येष्ठांना पैसे देऊन लवकर निवृत्त व्हायला सांगतात. २०२० मध्ये एकट्या डेल्टा एअरलाइन्समध्ये दीड हजाराहून अधिक पायलटांनी हा मार्ग घेतला. दशकांचा अनुभव एका उन्हाळ्यात दाराबाहेर गेला.

आणि दुसऱ्या कंपनीत जाऊ म्हटलं, तर क्रमांक बरोबर नेता येत नाही. तिथे पुन्हा तळापासून सुरुवात. मुंबईतल्या अनेक पायलटांनी याचीच एक तऱ्हा जवळून अनुभवली होती. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झालं. पंचवीस वर्षांहून जुनी, मुंबईतच मुख्यालय असलेली कंपनी. भारतात अनुभवी कॅप्टनला दुसरीकडे बऱ्याचदा कॅप्टन म्हणूनच घेतात, तरी नव्या घरात तो नवखाच. जेटमधून बाहेर पडलेले लोक कुठे जेमतेम स्थिरावत होते, तोच अकरा महिन्यांत आकाशच बंद झालं.

भारतात यादी अमेरिकेइतकी कडक नाही, पण इथली अडचण वेगळी आहे. पायलट व्हायला दोनशे तासांचं उड्डाण प्रशिक्षण लागतं. गोंदिया, बारामती, नागपूर अशा ठिकाणी मुलं ते तास एक-एक करून जमवतात. पुढे टाइप रेटिंग धरून खर्च कोटीच्या घरात जातो आणि त्यासाठी बऱ्याचदा घर गहाण पडतं. नोकरी लागल्यावर पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर ठरतो. तास शून्य झाले की पगार आटतो, हप्ता मात्र आटत नाही. २५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणं पुन्हा सुरू झाली तीसुद्धा आधीच्या एक तृतीयांश क्षमतेने. पायलट तितकेच, फेऱ्या तिसरा हिस्सा. कुठे बिनपगारी रजेचे दिवस वाटून दिले गेले, कुठे भत्ते कापले गेले. इंडिगोने जुलैमध्ये एकूण मनुष्यबळात १० टक्के कपात जाहीर केली. एअर इंडियाने त्याच महिन्यात पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली. ऑगस्टमध्ये तिने चाळीसहून अधिक पायलटांना कामावरून कमी केलं. त्यांनी आधी राजीनामे दिले होते आणि नंतर मागे घेतले होते. ते जुने राजीनामे आता स्वीकारले गेले. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि त्यांना परत घ्यायला सांगितलं. मधल्या दहा महिन्यांत त्यांच्या लॉगबुकात काय लिहिलं गेलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

हाँगकाँगच्या पायलटांची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्यांना आठवण होती. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा तिथल्या कॅथे पॅसिफिक कंपनीची विमानं ओस पडली, कर्मचाऱ्यांना चार आठवडे बिनपगारी रजा घ्यायला सांगितलं गेलं, आणि लोकांनी ती घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने २ एप्रिलला हाँगकाँगचा प्रवास टाळायला सांगितलं होतं. २३ मे रोजी तो सल्ला मागे घेतला. ५ जुलैला साथ आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. मान खाली घालून तीन-चार महिने काढले की आकाश परत मिळतं, हा धडा तिथल्या एका अख्ख्या पिढीने घेतला. म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने २७ हजार जणांना तीन आठवड्यांची बिनपगारी रजा घ्यायला सांगितलं, तेव्हा ती मागणी ओळखीची होती. ऑक्टोबर उजाडला तेव्हा ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. कॅथे ड्रॅगन ही उपकंपनी बंद झाली, ८,५०० पदं रद्द झाली आणि उरलेल्या पायलटांपुढे कायमस्वरूपी कमी पगाराचे करार ठेवले गेले. जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. दुसरीकडे जाणार कुठे? साथीने एक कंपनी बुडवली तर माणूस दुसरीकडे जातो. इथे तर साऱ्या जगातली दारं एकाच वेळी लागली होती.

तरी माणसांनी वाटा शोधल्या. स्वीडनमध्ये घरी बसलेल्या विमान कर्मचाऱ्यांना स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट संस्थेने काही दिवसांचं प्रशिक्षण देऊन रुग्णालयांत मदतीला पाठवलं. अमेरिकेच्या सरकारने मार्चमध्ये प्रवासी विमान कंपन्यांच्या पगारांसाठी २,५०० कोटी डॉलर ठेवले. मुख्य अट अशी, ३० सप्टेंबरपर्यंत कुणाला काढायचं नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकन एअरलाइन्सने १९ हजार आणि युनायटेडने १३ हजार जणांना घरी बसवलं. मात्र त्या १३ हजारांत युनायटेडचे पायलट नव्हते. त्यांच्या संघटनेने वेगळा करार केला होता: सगळ्यांनी थोडे तास सोडायचे, म्हणजे यादीच्या तळाचे २,८५० जण राहतील. ज्या यादीत वरच्याला खालच्याची फिकीर करायची गरजच नाही, तिच्यातल्या वरच्यांनी आपल्या ताटातलं काढून खाली सरकवलं. या सगळ्या काळातली ही बातमी मला सर्वांत मोलाची वाटते.

आता त्या नव्वद दिवसांकडे परत येऊ. उडायचं थांबल्यावर नक्की काय हरवतं?

आधी विमानाचं बघा. विमान उभं करून ठेवणं हेसुद्धा एक काम आहे. चाकांवर एकाच जागी भार राहू नये म्हणून ती ठरावीक दिवसांनी फिरवतात. इंजिनांची तोंडं झाकतात, टाक्यांतलं पाणी काढतात, बॅटऱ्या सांभाळतात. आणि पिटो नळ्यांवर टोप्या चढवतात, त्यांना लाल फिती लटकवतात. पिटो नळी म्हणजे विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड करून बसलेली, बोटाएवढ्या जाडीची नळी. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब मोजून ती विमानाचा हवेतला वेग सांगते. ती बुजली तर पायलटला आपला वेग कळत नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एक ए३३० विमान जेमतेम दोन तास उभं होतं, तेवढ्यात एका कुंभारमाशीने त्याच्या नळीत मातीचं घर केलं. पुढे संशोधकांनी त्या विमानतळावर थ्री-डी प्रिंटरने खोट्या नळ्या छापून तीन वर्षांहून अधिक काळ लावून ठेवल्या, आणि माश्या त्यांत घरं बांधत राहिल्या. हा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. जगातली हजारो विमानं उभी असताना. ऑगस्टमध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने इशाराच दिला की, उभ्या राहून परत आलेल्या विमानांत वेग चुकीचा दिसण्याच्या घटना वाढताहेत.

माणसाच्या डोक्यात कुंभारमाशी शिरत नाही, पण काहीतरी बुजतंच. काय बुजतं, याचा अंदाज साथीच्या आधीच्या एका प्रयोगातून येतो. नासाच्या एम्स केंद्रातले स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. सोळा पायलटांना बोइंग ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये बसवून, स्वयंचलित यंत्रणांची मदत काढून घेऊन त्यांनी पाहिलं. अपेक्षा होती की हात विसरले असतील. हात फारसे विसरले नव्हते. विमान सरळ ठेवणं, उपकरणांवरून नजर फिरवणं बऱ्यापैकी शाबूत होतं. कमी पडत होतं ते डोक्यातलं काम: नकाशाशिवाय आपण कुठे आहोत याचं भान ठेवणं, पुढची पायरी कोणती ते ठरवणं, एखादं उपकरण बिघडलंय हे ओळखणं. तो प्रयोग बिनकामाच्या दिवसांबद्दल नव्हता, पण त्याने दाखवलेला फरक इथेही विचारात घेण्याजोगा आहे. सायकल चालवणं अंगात भिनतं. पण चौकात कोण कुठून येणार याचा अंदाज रोजच्या रहदारीतच ताजा राहतो.

याचा पुरावा पायलटांनीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. अमेरिकेत पायलट आपली चूक नाव उघड न होता नोंदवू शकतात. ही व्यवस्था नासा १९७६ पासून चालवते. साथीच्या काळातल्या नोंदींत एकाने लिहिलं की वाऱ्याच्या दिवशी विमान उतरवायला त्याला तीन प्रयत्न लागले. दुसरा जवळजवळ तीन महिन्यांनी उडत होता आणि वेग व उंची सांगणारी उपकरणं गोठू नयेत म्हणून असलेलं तापयंत्र सुरू करायला विसरला. नळी साफ होती, टोपी काढलेली होती, फक्त एक बटण राहिलं. दोन्ही वेळा कुणाला इजा झाली नाही, कारण शेजारी दुसरा माणूस होता आणि हातात चेकलिस्ट होती. पण मला अचंबा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या वर्षी शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या, त्या वर्षी या लोकांनी “मी गंजलोय” असं कागदावर लिहून दिलं.

ते किती अवघड आहे, हे समजायला पायलटची तिसरी गाठ पाहावी लागते: मेडिकल. पायलटची नोकरी दर वर्षी, वय वाढल्यावर काही ठिकाणी दर सहा महिन्यांनी, डॉक्टरच्या सहीवर नव्याने उभी राहते. मनाचं दुखणं सांगितलं तर सही अडकू शकते, ही भीती या व्यवसायात जुनी आहे. एरवी झोप न लागणारा माणूस डॉक्टरकडे जातो. साथीत झोप न लागणारा पायलट मात्र विचार करतो: हप्ता थकलाय, कपातीची यादी निघायचीय, त्यात हे सांगू? आणि गप्प राहतो. युरोपने यावर एक उत्तर शोधलं. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या एका को-पायलटने मनाचं दुखणं लपवून विमान मुद्दाम पाडलं, त्यानंतर तिथे नियम आला की प्रत्येक विमान कंपनीच्या पायलटांना मदतगट मिळाला पाहिजे, जिथे पायलटचं म्हणणं प्रशिक्षित पायलटच ऐकतो आणि ते गुप्त राहतं. तो नियम फेब्रुवारी २०२१ मध्ये लागू झाला, म्हणजे त्याची सर्वांत जास्त गरज असलेल्या दिवसांत.

यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. पायलटच्या नोकरीची खात्री ही त्याची आणि त्याच्या बँकेची खासगी बाब नाही. विमानातली सुरक्षितता ज्या धाग्यावर उभी आहे तो धागा म्हणजे खरं बोलणं. मला आज बरं नाही. मी चुकलो. हवा खराब आहे, उतरणार नाही. हे सांगणाऱ्याला आपली खुर्ची जाईल अशी धास्ती असेल, तर तो आधी अर्धं सांगेल, मग काहीच सांगणार नाही. दीडशे-दोनशे माणसं मागे बसलेली असतात, त्यांना या धाग्याचा पत्ताही नसतो.

साथ ओसरल्यावर हिशेबही उलटा फिरला. अमेरिकेत ज्यांना पैसे देऊन घरी पाठवलं, त्यांची उणीव २०२२ च्या उन्हाळ्यात भासू लागली. प्रवासी परत आले, पायलट पुरेनात. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला कॅथेला उड्डाणं रद्द करावी लागली, कारण राखीव पायलटांचा अंदाज चुकला होता. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये अकासा या नव्या कंपनीचं पहिलं विमान मुंबईहून अहमदाबादला गेलं, आणि फेब्रुवारी ते जून २०२३ मध्ये एअर इंडिया आणि इंडिगोने मिळून साडेनऊशेहून अधिक विमानांची मागणी नोंदवली. तीन वर्षांपूर्वी नको असलेली माणसं पुन्हा हवी झाली. विमान वाळवंटात उभं करून परत आणता येतं, कारण त्याची चाकं कुणीतरी नेमाने फिरवलेली असतात. कॅप्टन तयार व्हायला मात्र दहा-दहा वर्षं जातात.

साथीच्या वर्षात परतलेल्या पायलटांच्या पहिल्या दिवसाची मी पुन्हा पुन्हा कल्पना करतो. आधी सिम्युलेटर: अंधारी खोली, हलणारं यंत्र, तीन टेकऑफ, तीन लँडिंग, प्रशिक्षकाची सही. मग खरं विमान. पिटो नळीवरची लाल फीत काढलेली आहे की नाही, हे बाहेर उतरून डोळ्यांनी पाहणं. दरवाजे बंद होण्याआधी कॅप्टन आणि को-पायलट आजच्या उड्डाणातले धोके एकमेकांना मोठ्याने सांगतात. वारा, ढग, समोरची लहान धावपट्टी. त्या दिवसांत या यादीत एक नवा धोका आला होता, आणि तो पायलट स्वतः होता. कॅप्टनने शेजारी बसलेल्या निम्म्या वयाच्या सहकाऱ्याकडे वळून सांगायचं असतं: माझं हे तीन महिन्यांनंतरचं पहिलं उड्डाण आहे, माझ्यावर लक्ष ठेव, काही चुकलं तर लगेच बोल.

आणि त्या सहकाऱ्याने, ज्याचा क्रमांक यादीत सगळ्यात खाली आहे, खरोखर बोलायचं असतं.